शनिवारच्या खुर्च्या

विशेष मुलांच्या त्या केंद्रातल्या सगळ्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या. लाल, पिवळ्या, पाठीवर बदकाचं चित्र काढलेल्या. माझा भाऊ तेव्हा चाळिशीला टेकलेला, अंगानं वडिलांसारखा उंच आणि आडवा. त्यातल्या एका पिवळ्या खुर्चीवर तो गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसला, आणि मी उभीच राहिले, कारण मी बसले असते तर खुर्ची भरून द्यावी लागली असती. बऱ्याच वेळानं आतून एक बाई आल्या आणि मला विचारू लागल्या, मुलाला आणलं नाहीत का? मी भावाकडे बोट दाखवलं. त्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, आम्ही अठराच्या पुढचे घेत नाही.

हे वाक्य मी चिंचवडला ऐकलं, मग एकटीच जाऊन निगडीला ऐकलं, दोन बस बदलून पुण्यात जाऊनही ऐकलं. लहान मुलांसाठी झोपाळे, रंगीत चेंडू, भिंतीवर फुलपाखरं. सगळं चांगलंच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अठरावं सरलं की ऑटिझम गोवरासारखा आपोआप उतरतो, असं या लोकांना वाटतं की काय, हे मला एकदा कुणीतरी सांगावं.

मुळात तो शब्दच आमच्या घरी फार उशिरा आला. लहानपणी गावात त्याला येडं म्हणायचे. मोठा झाल्यावर घुमा. नंतर चिखलीत शेतं जाऊन सोसायट्या आल्या, नवे शेजारी आले, ते सभ्यपणे म्हणायचे, “तुमचे बंधू फार शांत आहेत हो.” आई कुणालाच उत्तर द्यायची नाही. तिनं त्याच्याभोवती एक दिवस बांधून ठेवला होता आणि तो रोज तसाच्या तसा उघडायची. सकाळी डेअरी, मग मारुती, मग बिनफोडणीचं वरण, दुपारी पंखा बंद, संध्याकाळी परत मारुती. त्या दिवसात तो नीट चालायचा, बोलायचा, माझ्या नवऱ्याच्या मिशांवरून मला चिडवायचासुद्धा. आई गेली आणि तो दिवस तिच्याबरोबर गेला. माझा नवरा आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, म्हणून मी भोसरीतल्या नोकरीसकट माहेरी राहायला आले. डेअरी मला माहीत होती, मारुतीही माहीत होता. पण त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर कसं न्यायचं, ते आईनं मला सांगितलं नव्हतं. मी हात पुढे केला की तो खोलीत जाऊन दार लावायचा.

त्यात आमचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली चुलत्यांचे भाड्यानं दिलेले गाळे. एका गाळ्यात लोखंडी ग्रिल आणि दरवाजे बनतात. ग्राइंडर सुरू झाला की भाऊ दोन्ही कानांवर उशा दाबून भिंतीला डोकं लावायचा. चुलत्यांना मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, “आगं, खातंय, पितंय, कुनाला तरास न्हाई. आजून काय पायजे? शनवारी मारुतीला न्हेत जा म्हंजी झालं.” तो घराबाहेरच पडत नाही, हीच तर रड होती.

शेवटी पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर भेटला. त्या पिवळ्या खुर्चीच्या वेळेसारखंच रिक्षावाल्याला घरी बोलावून, भावाच्या डोक्यावर आईची शाल टाकून मी त्याला तिथवर नेलं होतं. त्या डॉक्टरनं बाहेर रांग लागलेली असताना आमच्याशी शांतपणे बोलून तो शब्द उच्चारला, आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्याला येडा आणि घुमा यांच्यापलीकडचं काही म्हणालं होतं. मोठ्यांसाठी आसपास फारसं काही नाही, हेही त्यानं लपवलं नाही. मात्र एका कॉलेजचा मानसशास्त्र विभाग संशोधन करतोय, म्हणाला, ऑटिस्टिक प्रौढांचा एक गट, दर शनिवारी. जाल का? भुकेल्याला कुणी जेवणार का म्हणून विचारतं का?

गट पिंपरीतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. चालवणारी मुलगी पीएचडी करत होती, सडपातळ, मृदू आवाजाची. पहिल्याच दिवशी मला तिच्याबद्दल आदर वाटला, कारण तिनं प्रश्न माझ्याकडे बघून विचारले नाहीत. भावाला विचारले आणि उत्तराची वाट बघितली. आमच्या घरात इतकी वाट त्याची कुणी बघितली नव्हती. मी मधे तोंड घालायला गेले तर तिनं हळूच हात वर करून मला थांबवलं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

गटाची एक रीत होती. खुर्च्या गोलात मांडायच्या, पण कुणी कसं बसावं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गोलाकडे पाठ करून बसलं तरी चालेल. बोललं नाही तरी चालेल. आम्ही नातेवाईक जिन्यात बसायचो आणि दाराच्या फटीतून बघायचो. चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करणारी एक तरुणी यायची, ती सुरुवातीला डोक्यावरचं हेल्मेटच काढायची नाही. एक पन्नाशीचे गृहस्थ ऐंशीच्या वडिलांचं बोट धरून यायचे. आणखीही तिघं होते. आमचे राजे पाठ करून बसायचे, तोंड खिडकीकडे. मी मनात म्हणायचे, एवढा रिक्षाचा प्रवास करून इथेही भिंतच बघायची होती तर घरची काय वाईट होती?

पण शनिवार उजाडला की तो स्वतः आंघोळ करून, शर्टाचं वरचं बटण लावून दाराशी उभा राहू लागला. मग एकदा त्यानं हॉलमध्ये लवकर जाऊन खुर्च्या मांडल्या, आणि ते काम त्याचंच होऊन गेलं. मग त्याची खुर्ची थोडी वळली. मग आडवी झाली. आणि पावसाळा संपता संपता एका शनिवारी मी फटीतून बघितलं तर तो गोलात तोंड करून बसला होता आणि हेल्मेटवाली मुलगी हेल्मेट मांडीवर घेऊन हसत होती. तो काहीतरी सांगत होता. काय ते मला ऐकू आलं नाही, खाली भाजीवाला ओरडत होता. मी जिन्यात बसून पदराला डोळे पुसले, तर शेजारचे ऐंशीचे आजोबाही चष्मा पुसत होते. परतताना भावानं स्वतः सांगितलं, रिक्षा नको, बसनं जाऊ.

हे संपणार आहे हे आम्हाला ठाऊक होतं. कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचून सही केली होती. त्या मुलीनं भावालाही वेगळं समजावलं होतं, हॉलच्या भिंतीवर शनिवारांच्या चौकटी काढून एकेक खोडत नेली होती. फसवणूक कुणीच केली नाही. म्हणूनच भांडायचं तरी कुणाशी, ही आणखी पंचाईत. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या पद्धतीनं सत्कार केला, प्रत्येकाला गुलाबाचं फूल, पेढा आणि पाण्याची स्टीलची बाटली. विभागाच्या मॅडम दोन शब्द बोलल्या, सहभागाबद्दल आभार मानले, निष्कर्ष आशादायक आहेत म्हणाल्या. मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि विचारलं, पुढच्या शनिवारी काय?

ती खाली बघत म्हणाली, “ताई, सहा महिन्यांनी मी घरी भेटायला येणार आहे. मधे आम्हाला काही देता येत नाही. झालेला फरक आपोआप टिकतो का, तेच बघायचंय.”

“म्हणजे काठी काढून घ्यायची आणि माणूस पडतो का ते बघत बसायचं?”

तिचे डोळे भरले. संशोधनाची पद्धत आहे, म्हणाली, फरक टिकतो हे सिद्ध झालं तर पुढे अशा गटांसाठी पैसा मागता येईल. मला तिचं म्हणणं समजलं नाही असं नाही. भोसरीच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळते. माल पास करायच्या आधी त्यावर भार टाकून बघतात, तुटलाच तर भंगारात टाकतात. पण तो लोखंडाचा तुकडा असतो, त्याला घरी वाट बघणारी बहीण नसते. हे मी तिला बोलून दाखवलं आणि पेढा तिथेच टेबलावर ठेवून निघाले.

पुढच्या शनिवारी भाऊ आंघोळ करून, बटण लावून दाराशी उभा. मी म्हटलं, अरे, संपलं ना ते, चौकटी खोडल्या ना? तो म्हणाला, “हॉल आहे. मी आहे.” मी त्याला घेऊन गेले. हॉलला कुलूप होतं. तो कुलपाकडे बघत जिन्यात बसला, वेळ झाल्यावर उठला, बसनं परत आला. असे बरेच शनिवार गेले. मला वाईट वाटायचं, पण मनात म्हणायचे, निदान बाहेर तरी पडतोय. पुढे तो एकटाच जाऊ लागला आणि मी ओव्हरटाइम घेऊ लागले.

मग एका शनिवारी तो हॉल उघडा होता. कुणाचा तरी साखरपुडा. खुर्च्या रांगेत मांडलेल्या, स्टेजवर फुलं, पाहुणे यायला लागलेले. माझ्या भावानं काय केलं असेल? आत गेला आणि रांगा मोडून खुर्च्या गोलात लावायला लागला. हॉलच्या वॉचमनकडे मी माझा नंबर देऊन ठेवला होता, त्याचा फोन आला तेव्हा मी गेटपासवर सह्या करत होते. शेअर रिक्षानं कशीबशी पोचले तर तो जिन्याखाली बसलेला, शर्टाचा खिसा फाटलेला, कपाळाला टेंगूळ. कुणी म्हणालं, पिऊन आला होता. कुणी म्हणालं, कॉलर धरल्यावर स्वतःच भिंतीवर डोकं आपटायला लागला. नवऱ्या मुलीची आई मात्र माझ्या हातात पाण्याचा पेला देऊन म्हणाली, आम्हाला काय माहीत, बाई. तिचं खरं होतं. तिला कुणी सांगितलं होतं?

त्या दिवसापासून तो खोलीच्या बाहेर आला नाही. ताट मी दाराशी ठेवायचे, मी वळले की आत जायचं. बोलणं बंद. दाढी वाढली. ग्राइंडर सुरू झाला की आतून डोक्याचा आवाज यायचा, भिंतीवर, एका लयीत, आणि मी स्वयंपाकघरात कणकेवर हात ठेवून थिजायचे. मी विभागात फोन केले. मॅडम नम्रपणे म्हणाल्या, तातडीचं असेल तर दवाखान्यात न्या, गट मात्र आम्हाला सुरू करता येणार नाही. ज्याला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही त्याला दवाखान्यात न्यायचं! पिंपरीचा तो डॉक्टर बदलून गेला होता. मी गटातल्या बाकीच्यांचे नंबर मागितले, तर ते गोपनीय. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तसं झालं. आजोबांचा नंबर तेवढा मी जिन्यात घेऊन ठेवला होता. ते म्हणाले, “बाई, माझे गुडघे गेले. आमचा तर आता माझ्याशीही बोलत नाही.” मग त्यांनी विचारलं, आपल्यामागे यांचं काय हो? मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच मला माहीत नाही. आजही नाही.

त्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहिणार नाही. एवढंच लिहिते की एकदा भाकरी करता करता मी देवाला म्हटलं, त्याला माझ्या आधी ने. आईनंही असंच मागितलं असेल, असं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं.

ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. शनिवारी सकाळी येऊ का? मी तिला तोंडाला येईल ते बोलले. पडलाय तो, म्हटलं, लिहून घे आणि शनिवारी येऊ नकोस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, ताई, मला तरीही दादांना बघायचंय. मी फोन आपटला. पण भिंती पातळ असतात. शनिवारी सकाळी बाथरूममध्ये पाण्याचा आवाज झाला. मी बाहेर येऊन बघते तर तो आंघोळ केलेला, वाढलेल्या दाढीखाली वरचं बटण लावलेला, आणि पुढच्या खोलीत खुर्च्या मांडत होता.

घरातलं बसण्याजोगं सगळं त्यानं गोळा केलं होतं. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वडिलांची लाकडी आरामखुर्ची, शिलाई मशीनचं स्टूल, माझी ऑफिसातली जुनी चाकांची खुर्ची. तरी कमी पडत होत्या म्हणून गच्चीच्या जिन्याखालून आईच्या शेवटच्या आजारपणातली कमोडची खुर्चीसुद्धा पुसून आणली होती. शेवटी स्वयंपाकघरातला पाट. नीट गोल केला होता. मला हसू आलं, मग लक्षात आलं. बाकीचे येणार असं त्याला वाटत होतं.

ती आली, एकटीच, हातात टॅब. दारात थबकली. गोल बघून तिला काय ते कळलं असावं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला. मग चपला काढून आत आली आणि त्याला विचारलं, मी कुठे बसू? त्यानं लाकडी खुर्ची दाखवली. स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, गोलात तोंड करून. मी दाराशी उभी राहिले. तो काहीतरी बोलायला बघत होता, इतक्या महिन्यांत वापरलेला नसल्यानं आवाज फुटत नव्हता, आणि ती वाट बघत होती.

“बाकीचे कधी येणार?” तो म्हणाला.

“ते नाही येणार, दादा. मी त्यांच्या त्यांच्या घरी जाणार आहे.”

“ते घरी आहेत?”

“हो. घरीच असतात.”

त्यानं एकेक रिकामी खुर्ची बघितली. “मीपण घरीच असतो,” तो म्हणाला.

तिनं टॅब उघडला. मग तिनं प्रश्न विचारले, कारण ते विचारायलाच ती आली होती. झोप, भूक, राग, भीती. त्यानं काहींना मान हलवली, काहींना नाही. गेल्या दोन आठवड्यांत आपण घराबाहेर पडलात का? या वेळी मी मधे बोलले आणि तिनं हात वर केला नाही. नाही, मी म्हटलं. दोन आठवड्यांत नाही, साखरपुड्यापासून नाही. तिनं ते नोंदवलं. चहा घेतला नाही.

ती निघाली तेव्हा तोही उठला. मला वाटलं खोलीत जाईल. त्यानं दारामागून बूट काढले, त्यांवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली, पायांत घातले आणि तिच्यामागोमाग जिना उतरला. मी मागे. गाळ्यात ग्राइंडर चालू होता, तो कानांवर हात ठेवून गेला, पण गेला. रस्त्यापर्यंत, तिच्या स्कूटीपर्यंत. उन्हात त्याचे डोळे बारीक झाले होते.

“शनिवारी?” त्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “मला माहीत नाही, दादा.” खोटं बोलली नाही, एवढं माप तिच्या पदरात टाकायला हवं. त्यानं मान हलवली, वळला आणि परत जिना चढून गेला.

ती हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. मग चाचरत म्हणाली, “ताई, ते आत्ता बाहेर आले ना. आजचा दिवसही त्या दोन आठवड्यांत धरला जातो. मला ते उत्तर ‘हो’ करावं लागेल.”

गाळ्यातल्या मुलांनी काम थांबवून आमच्याकडे बघितलं, कारण मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते. आमच्या घराच्या दारापासून तिच्या स्कूटीपर्यंत तो चालत आला होता, हे खोटं थोडंच होतं? मी म्हटलं, “कर, पोरी. हो कर.”

वर आले तर गोल तसाच होता. फक्त त्याची एक खुर्ची भिंतीकडे वळलेली होती आणि तो तिच्यावर बूट न काढता, पाठ करून बसला होता. खाली ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मी शिलाई मशीनचं स्टूल उचललं, त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि बसले.